अडकलेला पडदा

"आजपासून या घरात अंतर नावाची गोष्ट उरली नाही," सर्व्हरबाईंनी इस्त्रीच्या टेबलामागे बसून जाहीर केलं. "मुख्य कचेरीतलं युनिक्सचं मशीन तिकडे, माझी दहा बोटं इकडे. मी नाचवीन तसं नाचणार!"

कॉम्प्युटरचा पडदा अडकला. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

"नाचतंय का गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"लाजतंय, आई."

फोनच्या स्पीकरवर साहेब खाकरले. बाईंचा पडदा त्यांना तिकडे जसाच्या तसा दिसत होता.

"बाई, तुमच्या घरची लाइन बेकार आहे, मी आधीच बोललो होतो. आता वरचे साहेब बघायला येतील, त्यांना काय दाखवू, हा फोटो? त्यापेक्षा सोमवारी इकडे रुजू व्हा. हॉस्टेलात एक कॉट रिकामी आहे."

कॉट! नवरा, सासू आणि नुकती पावलं टाकायला लागलेली लेक इथे, आणि आपण तिथे कॉटवर! साहेबांना उलट बोलायची सोय नव्हती. म्हणून बाईंनी सगळा राग त्या मेलेल्या पडद्यावर बडवला. काय बडवलं ते दिसत नव्हतंच, मग भ्यायचं कशाला? एंटर दाबलं, मन हलकं झालं, आणि सवयीप्रमाणे डाव्या हाताने सेव्ह केलं.

बाई थबकल्या.

एकदा अख्खा रिपोर्ट उडाल्यापासून त्यांचा डावा हात दर दोन ओळींनी आपला आपण कंट्रोल आणि एस दाबायचा. टीव्ही बघता बघता उशीवरसुद्धा दाबायचा. रिपोर्टात त्या दोन कळांचा अर्थ 'जपून ठेव'. युनिक्सच्या जुन्या घराण्यात मात्र त्यांचा अर्थ 'मी सांगेपर्यंत हलू नकोस'. बिचारं मशीन सकाळपासून आज्ञा पाळत होतं.

"साहेब, लाइन ठणठणीत आहे! त्याला थांबवतेय मीच. आता सोडते, बघा."

कंट्रोल आणि क्यू. तुंबलेला नळ सुटावा तशा ओळी भडाभडा वाहू लागल्या. बाई वर बघायला थांबल्या नाहीत. ती थांबवण्याची जुनी खोडच बंद करणारी सेटिंगची ओळ त्यांनी टाइप केली. लॉगिन केल्याबरोबर आपोआप चालणाऱ्या फाइलीतही ती घातली, म्हणजे पुन्हा कधी भानगड नको. मग कंट्रोल-एस दाबलं. पुन्हा दाबलं. ढोल वाजवावा तसं दाबलं. पडदा अडकायचं नाव घेईना.

"आता बोला, साहेब!"

साहेब तिकडे काहीतरी पुटपुटत वाचत होते.

"मान्य," शेवटी आवाज आला. "लाइन उत्तम आहे. घरूनच करा काम."

"जरा मोठ्याने म्हणा, आईंना ऐकायचंय!"

"घरूनच करा, म्हटलं!"

नवऱ्याने लेकीला छताला टेकवलं. सासूबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "त्यांना म्हणावं, ती कॉट मोडीत घाला," त्या फोनकडे बघून म्हणाल्या, आणि बाईंनी एखादा किल्ला सर केल्यासारखे दोन्ही हात हवेत उंचावले.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "पडदा थोडा वर सरकवून बघता?"

बाईंनी सरकवला. मघाशी राग काढला होता, तो इथे ठळक अक्षरांत उमटला होता: 'साहेब तुमचं डोकं अडकलंय लाइन नाही'. खाली मशीनने नेहमीच्या अदबीने उत्तर दिलं होतं: 'साहेब: अशी कोणतीही कमांड सापडली नाही'.

बाईंचे हात हवेतच राहिले.

"वरचे साहेब जिना चढतायत," फोनमधला आवाज आणखी खाली गेला. "तेवढं पुसून टाकता का?"