ढालीवरचा कुत्रा

उन्हाळी सुटीच्या शेवटच्या रविवारी, दुपार कलताना, वस्तुसंग्रहालयाच्या मागील फरसबंद अंगणात दरबार भरला. सकाळपासून तेथे कुटुंबांसाठी मध्ययुग उभे केले होते: पुठ्ठ्याचा बुरूज, लाकडी तलवारी, चंदेरी कागदाच्या चिलखतांत घामाघूम झालेले बाप. दरबार हा अखेरचा खेळ. शिरस्त्राणातून चिठ्ठी काढून एका मुलाची निवड व्हायची. त्याने गादीवर बसून कोणत्या तरी घरातील तंट्याचा निवाडा करायचा.

“निकाल पटला नाही, तर पुन्हा दाद मागता येईल हो!” खोटी दाढी लावलेल्या भालदाराने ललकारी दिली.

“चूक,” पहिल्या रांगेतून आवाज आला. “त्या काळी गादीवरून शब्द सुटला की सुटला. दाद मागणार कोणाकडे? गादीच्या वर कोणी असतं का?”

बोलणारा मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढणे हा त्याचा चरितार्थ होता, आणि सुटीच्या दिवशी हेच काम तो विनामूल्य करीत असे.

“बरं बुवा,” भालदार हसला. “निकाल तो निकाल.”

चिठ्ठी नेमकी मुद्रितशोधकाच्या मुलीची निघाली. त्याने तो शुभशकुन मानला. शाळा उघडल्यावर कोणाच्या घरी राहायचे, हे आज ती स्वतः सांगणार होती. आईबाप वेगळे होऊन वर्ष लोटले होते. वकिलांच्याने जे सुटले नाही, ते दोघांनी शेवटी तिच्यावर सोपवले होते. सकाळी तिला फाटकाशी सोडताना आई एवढेच म्हणाली होती, “संध्याकाळी ती काय ते सांगेल. तिला पढवू नकोस.” त्याने पढवले नाही. अशा बाबतीत तो काटेकोर होता. त्याने केवळ तिची ढाल सुधारली होती.

प्रत्येक मुलाने ढालीवर आपल्या घराण्याचे चिन्ह रंगवायचे होते. तिने गडद हिरव्यावर तपकिरी कुत्रा काढला. एक कान उभा, एक पडलेला. आईकडे असतो तोच.

“बाबा, बघ ना! ओळखलंस?”

“गडदवर गडद उठत नाही, ठमे. लांबून दिसायला हवं.” आणि तिच्या हातातील कुंचला घेऊन त्याने कुत्र्यावरून रुंद, पिवळाधमक पट्टा ओढला. ढाल खरोखरच उठून दिसू लागली. तेव्हापासून ठमी त्याच्याशी बोलली नव्हती.

“घरातलं खरं भांडण आणा हं, लुटुपुटीचं चालायचं नाही,” भालदार म्हणाला. कोणी उठेना. मुद्रितशोधक उठला. मुलीला हसवावे, इतकाच त्याचा हेतू होता.

“राणीसाहेब, माझ्या मुलीनं एका ढालीपायी माझ्याशी अबोला धरलाय.”

लोक हसले. कागदी मुकुटाखाली मुलगीही किंचित हसली. येथे तो थांबला असता तर बरे झाले असते. परंतु मुलीला न्यायला आलेली तिची आई त्याला मागच्या रांगेत उभी दिसली, आणि त्याने ढाल हातात घेतली. त्याने रणातील धूळ सांगितली. त्या धुळीत हिरव्यावरचा तपकिरी कुत्रा स्वकीयांनाही दिसणार नाही, आणि आपल्याच माणसाचा बाण आपल्या छातीत बसेल, हे त्याने पायरीपायरीने सिद्ध केले. युक्तिवाद निर्दोष होता. त्याचा एकेक शब्द मुलीच्या डोक्यावरून मागच्या रांगेकडे जात होता.

“काढू द्यायचा होतास की तिला कुत्रा!” आई न राहवून म्हणाली.

“मुद्दा कुत्र्याचा नाही.”

“तुझा मुद्दा कधीच कुत्र्याचा नसतो.”

भालदाराने दाढी सावरली. मुलीने एकदा बापाकडे पाहिले, एकदा आईकडे, आणि कपाळावर घसरलेला मुकुट दोन्ही हातांनी सरळ केला.

“म्हणजे चूक माझी?” तिने विचारले.

त्याला खोटे बोलता येत नसे. “चूक तुझीच, राणीसाहेब,” तो लाडाने म्हणाला.

“निवाडा!” भालदाराने काठी आपटली.

“फिर्यादींचं बरोबर आहे,” मुलगी म्हणाली. “ढाल त्यांना देऊन टाका. मी आईकडे राहणार.”