झाकलेला जामीन

रामकिशनला दलाल म्हणायचं की खबऱ्या, एवढंच ठरायचं राहिलं होतं. व्यंकटराव खबऱ्यावर अडून बसले होते. दलालाला समज देऊन परत घेता येतं, खबऱ्याला नाही.

चाकूरजवळच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये पक्षाची बैठक चालली होती. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळे पक्षालाही नवा जिल्हा सचिव निवडायचा होता. व्यंकटरावांना ते पद इतकं हवं होतं की घरात एकटे असले की ते आपल्या नावापुढे ‘जिल्हा सचिव’ लावून पुटपुटून बघत. पण लोकांच्या तोंडी नाव होतं रामकिशनचं. वयानं धाकटा, पक्षात मात्र त्यांच्या आधीचा.

रामकिशनचा गुन्हा असा. यंदाच्या दुष्काळात सरकारी मदतीवर बहिष्कार टाकायचा, लोक तापले की क्रांती जवळ येते, अशी पक्षाची भूमिका होती. रामकिशन भर बैठकीत म्हणाला की तहानलेला माणूस क्रांती करत नाही, गाव सोडून जातो. मग त्यानं दुसऱ्या लाल झेंड्यावाल्यांना सोबत घेतलं, ज्यांच्याबरोबर चहा पिणंसुद्धा पाप मानलं जाई. त्यांच्यासह तहसीलवर मोर्चा नेला आणि टँकर आणला.

टँकर व्यंकटरावांच्या गल्लीतही आला. त्यांच्या बायकोनं, सिंधूनं, घागर उतरवता उतरवता म्हटलं, “रामकिशनभाऊ हाय म्हणून पाणी हाय.” त्या दिवशी व्यंकटराव संध्याकाळपर्यंत पाणी प्यायले नाहीत. आपण बहिष्कार पाळतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो हेवा होता.

अखेर खबऱ्या हाच शब्द ठरला. नांदेडहून आलेले म्हातारे आप्पासाहेब अध्यक्ष होते. त्यांनी हात वर करायला सांगितले आणि रामकिशन पक्षातून गेला. त्यानं वाद घातला नाही, उपरणं झटकलं आणि उठला.

पण चंद्रप्पा आणि वीरण्णा बसूनच होते. उदगीरकडच्या या दोघांना रामकिशननंच जामीन राहून पक्षात आणलं होतं. त्यांची मतं आपल्याला पडणार नाहीत, हे व्यंकटरावांना पक्कं माहीत होतं.

पक्षात यायला दोन जामीन लागत. एक उघडा, सगळ्यांसमोर हमी देणारा. दुसरा झाकलेला, त्याचं नाव फक्त आप्पासाहेबांना ठाऊक. पोलिसांनी कितीही बडवलं तरी जे माहीतच नाही ते माणूस सांगणार कसं, असा हिशेब. व्यंकटरावांचा उघडा जामीन कधीच वारला होता. झाकलेला कोण, याबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरून ते पक्षात आले, तेव्हा आप्पासाहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, “तुझ्यामागं लई भरवशाचा माणूस उभा हाय.” इतक्या कौतुकानं माणूस स्वतःबद्दलच बोलतो, असं व्यंकटरावांनी धरलं होतं. चारचौघांत ते तसं सुचवतही.

त्यांनी लगेच दुसरा ठराव मांडला. गद्दाराच्या जामिनावर आलेले सगळे आजच बाहेर.

रामकिशन दारात थबकला. “व्यंकटराव, मला काढलं, ठीक हाय. एवढा ठराव आणू नका.”

“आपले गडी चालले म्हणून दुखायलंय का?”

“माझ्यासाठी न्हाई सांगायलो,” रामकिशन म्हणाला आणि उन्हात निघून गेला.

आप्पासाहेबांनी ठराव लिहायला घेतला. मग त्यांनी विचारलं, “झाकलेले जामीनही धरायचे?”

हे व्यंकटरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. रामकिशनची आणखी माणसं निघाली तर बरंच की.

“उघडे, झाकलेले, सगळे,” ते म्हणाले. “मुळासकट.”

पहिला हात त्यांचाच वर गेला. मग बाकीचे गेले. खबऱ्याची बाजू घेतली असं कुणाला म्हणवून घ्यायचं नव्हतं.

चंद्रप्पा आणि वीरण्णा उठून चपला शोधू लागले. व्यंकटराव मांडी सावरून बसले. आता उरल्यासुरल्यांत आपणच, हे मनातल्या मनात घोळवत ते सचिवपदाची निवड पुकारण्याची वाट बघू लागले.

आप्पासाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“तू पण ऊठ, व्यंकट,” ते म्हणाले. “तुझ्यामागं रामकिशन उभा होता.”