दुसरी फेरी

हेन्ड्रिक साहेबाने कॉफीचा पेला ओठांपर्यंत नेला आणि न पिताच समोर गालिच्यावर ठेवला. तंबूतली कुजबुज एकदम थांबली.

यजमानाच्या जागेवर बसलेल्या अबू सत्तामची पाठ ताठ झाली. उन्हाळाभर तो याचीच वाट बघत होता. त्याचा थोरला मुलगा सत्ताम पवनचक्क्यांच्या कंपनीच्या टिप्परखाली गेला, तेव्हापासून कंपनीने वकील पाठवला, विम्याचा माणूस पाठवला, एकदा तर फळांची करंडीसुद्धा पाठवली. चूक झाली म्हणायला मात्र कुणी फिरकलं नाही.

बाजूला बसलेल्या मुत्लकने सुटकेचा निःश्वास टाकला. तो अबू सत्तामचा पुतण्या आणि कंपनीचा दुभाषा, म्हणजे दोन्हीकडची बोलणी खाणारा. कंपनीच्या या बड्या साहेबाला सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. पैसे नकोत, त्यांच्या घरी चला, न पिता पेला खाली ठेवा, माफी मागा, ती मिळाली की मगच प्या. शेवटी साहेब म्हणाला होता, "गुरुवारी करू. अगदी तुमच्या पद्धतीने. त्यांना इकडेच घेऊन ये." आणि खरंच, करक गावाबाहेरच्या माळावर कंपनीने बकरीच्या केसांचा काळा तंबू ठोकला होता.

येताना गाडीत काका कुरकुरले होते. "माफी मागणारा आमच्या दारात येतो, मुत्लक. इथे मीच निघालोय ती घरपोच द्यायला! तुझ्या तोंडाकडे बघून येतोय हं."

"तुमचा मुलगा आमच्या हातून गेला," साहेब मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. "मागणं पदरात पडल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही."

शब्द अचूक होते. पण ते बोलताना साहेब दोनदा आपल्या तळहाताकडे बघून घेत होता. मुत्लकने मान लांब केली. तळहातात गुलाबी कार्ड होतं. 'पहिला गट. भूमिका : माफी मागणारा पाहुणा.' मग त्याला बाकीचंही दिसायला लागलं. परदेशातून नुकत्याच आलेल्या सगळ्या इंजिनियरांच्या हातात कार्डं होती, काही गुलाबी, काही निळी. मागे प्रशिक्षण देणारी इन्ग्रिडबाई गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती, आणि तिच्याशेजारच्या फळ्यावर गुणांचे रकाने आखले होते.

मुत्लकच्या डोक्यात तिडीक गेली. बाईचे हे खेळ त्याला ठाऊक होते. एका गटाने नजरेला नजर द्यायची नाही, दुसऱ्याने अंगाला खेटून उभं राहायचं, मग सगळ्यांनी खोखो हसायचं. परकी संस्कृती समजली, चला जेवायला.

ओरडायला हवं होतं. पण पेला जमिनीवर असताना यजमानाशिवाय कुणी तोंड उघडत नाही. हे त्याच्या हाडीमाशी इतकं मुरलेलं होतं, की जीभ उचललीच नाही.

अबू सत्ताम पुढे झुकला. "परक्या मुलखातून येऊन तुम्ही माझ्या भाषेत माझ्या मुलाचं नाव काढलंत," तो म्हणाला. नाव साहेबाने काढलंच नव्हतं; म्हाताऱ्याला ते ऐकू आलं होतं. "अल्लासाठी सोडलं. सत्तामच्या रक्ताची भरपाई मागायचा माझा हक्क मी या सगळ्यांसमोर सोडला. प्या तुमची कॉफी."

साहेबाने ती एका घोटात संपवली. टाळ्या कडकडल्या.

"अप्रतिम!" इन्ग्रिडबाई ओरडली. "पहिल्या गटाला पैकीच्या पैकी!"

अबू सत्ताम गळाभेटीसाठी हात पसरून अर्धा उठला होता. साहेब पाठ फिरवून फळ्याकडे निघाला होता. म्हातारा थोडा वेळ तसाच वाकलेला राहिला, मग हात आवरून खाली बसला. सलोख्याच्या बैठकीत टाळ्या वाजलेल्या त्याने जन्मात ऐकल्या नव्हत्या.

मुत्लकने साहेबाला खांबाआड गाठलं. "साहेब, हा खेळ होता?"

"सराव म्हण. वकिलांनी रीतसर माफी मागायला मनाई केलीय, गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. असं केलं तर काही अडचण नाही. त्यांचंही मन हलकं झालं ना? आणि आपल्या पोरांना शिकायला खराखुरा बाप मिळाला. नट आणला असता तर इतकं रंगलं नसतं."

"त्यांनी तुम्हाला खरी माफी दिलीय. आमच्यात दिलेला शब्द परत घेता येत नाही."

"मग तर फारच छान!"

"लाज कोळून प्यायलात का हो तुम्ही?" मुत्लकचा आवाज चिरकला. नोकरी गेली तर गेली. या माणसाची गचांडी धरून त्याला काकांच्या पायाशी फरफटत न्यावं असं त्याला मनापासून वाटलं.

पण त्याचं बोलणं शिट्टीत बुडालं. "दुसरी फेरी! निळा गट!"

पेले पुन्हा भरले गेले. लालबुंद कानांचा एक तरुण इंजिनियर कशीबशी मांडी घालून साहेबाच्या जागी बसला. त्याने कार्ड वाचलं, पेला अलगद गालिच्यावर ठेवला आणि मोठ्या आशेने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला.

अबू सत्तामने पेल्याकडे पाहिलं. मग त्या पोराकडे पाहिलं. मान न वळवता, अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने हाक मारली.

"मुत्लक, विचार रे याला. याने कुणाचा मुलगा मारलाय?"