कापशीची जागा

“पण मांजर सामानात जाणार, असं काल तुमच्याच घरून फोनवर सांगितलं,” विमान कंपनीचा कारकून म्हणाला.

विद्याधर सबनीस काउंटरवर वाकला. “घरून? कोणी?”

“बाईंचा आवाज होता. क्षमा सबनीस, असं नाव सांगितलं.”

क्षमा म्हणजे विद्याधरची बायको. त्यानं मांजर पुन्हा उतारूंबरोबर घ्यायला लावलं आणि तो मुलुंडला घरी आला.

दिल्लीला त्याच्या थोरल्या भावाची, शरच्चंद्राची, प्रकृती बरी नव्हती. विद्याधरनं आईसाठी विमानाचं तिकीट काढलं होतं. आई, रत्नप्रभाबाई, जायला तयार होत्या, पण एका अटीवर. कापशी त्यांच्या मांडीशेजारी हवी. बारा वर्षांची ती पांढरी मांजर विमानाच्या पोटात, थंडीत आणि आवाजात टिकणार नाही, असं जनावरांचा डॉक्टरही म्हणाला होता.

“तिला सामानात टाकलंत तर मी घरातून पाय काढणार नाही,” त्या म्हणाल्या होत्या.

रात्रीची जेवणं झाल्यावर विद्याधरनं क्षमाला विचारलं, “तू फोन केलास?”

“कुठे?”

“माहीत आहे तुला.”

“अहो, काय ते सरळ बोला.”

त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “मी फोन केलेला नाही,” एवढंच म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

क्षमा शाळेत शिकवायची. ती शाळेत असली की त्यांच्या दीड वर्षांच्या मुलीला, नीलाला, विद्याधरची आई सांभाळायची. आई गेली तर नोकरी सुटणार. विद्याधरला वेगळं कारण शोधावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. “सबनीस, घरात एकदा काय ते ठरवा,” कारकून वैतागला. “बाई म्हणतात सामानात, तुम्ही म्हणता जवळ.”

घरी फोन नव्हता; तो गल्लीच्या तोंडावरच्या औषधांच्या दुकानात होता. तिथे चौकशी करायची विद्याधरला लाज वाटली. बायकोवर पाळत ठेवतो, असं दुकानदार म्हणाला असता. तो घरातच पाळत ठेवू लागला. क्षमाला यायला उशीर झाला की घड्याळ बघायचा. ती नीलाचं औषध आणायला निघाली की, “मी आणतो,” म्हणायचा.

आई मात्र क्षमाची बाजू घ्यायची. “तिला बोलू नकोस रे. नोकरी करणाऱ्या बाईची अडचण असते. माझंच नशीब, दुसरं काय? शरच्चंद्राला बघायचं राहून जाईल एवढंच.”

ते ऐकलं की विद्याधरला क्षमाकडे बघवायचं नाही.

शुक्रवारी क्षमा शाळेतून लवकर आली. हातपाय न धुताच त्याच्यासमोर उभी राहिली.

“राजीनामा देऊन आले. आता आई गेल्या तरी नीलाजवळ मी आहे. मला त्यांना अडवायचं काही कारण उरलं नाही. आता तरी माझ्यावर संशय घेऊ नका.”

आईनं डोळ्यांना पदर लावला. “एवढं कशाला गं केलंस?” ती म्हणाली.

क्षमा हातपाय धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरी अर्धा दिवस होती. सकाळीच विद्याधरनं कापशीची जागा आईशेजारी पक्की करून घेतली. मुलुंडला उतरल्यावर आईसाठी विमानात मळमळू नये म्हणून गोळ्या घ्यायला तो औषधांच्या दुकानात शिरला. ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आज क्षमाची माफी मागायची, असं त्यानं ठरवलं होतं.

“फोन हवाय का?” दुकानदारानं विचारलं. “मग जरा थांबा. आत तुमच्याच घरचं माणूस बोलतंय.”

नोकरी सोडून वर हे नाटक? विद्याधर काउंटरला वळसा घालून आत गेला आणि त्यानं पडदा सारला.

पाठमोरी आई रिसीव्हरमध्ये हळू आवाजात सांगत होती, “हो हो, मी क्षमा सबनीसच बोलतेय. मांजर सामानातच टाका.”