विहिरीचं पान

विश्राम पारखीने चाळीस वर्षं हिंजवडीचे फोटो काढले होते. आधी माळरान, मग क्रेन, मग काचेच्या इमारती, अशी त्याची तीन पुस्तकं निघाली. नव्या आवृत्तीत कागदाऐवजी पातळ पडदे होते, आणि जुन्या प्रती प्रकाशकाने बदलून नेल्या होत्या. आज पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावरची विहीर दिसेना, म्हणून विश्रामने प्रकाशकाला फोन लावला.

"चूक नाही, सर," तिकडची मुलगी म्हणाली. "दर आठवड्याला आम्ही फोटो सरकारी नोंदींशी जुळवून घेतो. सातबाऱ्यावर तिथे विहीर नाही."

विश्राम तडक ठकूमावशीकडे गेला. तिचं अर्धं आयुष्य त्या विहिरीवर पाणी भरण्यात गेलं होतं. आता ती अठराव्या मजल्यावर राहायची आणि रोज दुपारी त्याचं तेच पुस्तक मांडीवर घेऊन बसायची.

"मावशी, विहीर नेमकी कुठं होती ते सांग. लिहून ठेवतो."

मावशीने चष्मा पुसला आणि फोटोवरून बोट फिरवलं. "हितं विहीर नव्हती बाबा. पहिल्यापासून माळच हाय."

"गेल्या महिन्यात तूच तिच्या पायऱ्या बोटांवर मोजून सांगितल्यास."

"मी? न्हाई बा."

"मग माझी आई, तुझी सख्खी बहीण, कुठं बुडाली?"

मावशी सवयीने अंगठा जिभेला लावून एकेक पान उलटू लागली.

"कुठल्या पानावर हाय रं ती?"