थावोनकाकांची सुट्टी

चाओ फ्रायाच्या काठावरची देवळी आली, की होडीवाले थावोनकाका अंगठीने फळीवर तीन ठोके देत. नदीची परवानगी घ्यायची म्हणे.

आज सुकाणूशी भलताच माणूस बसला होता. अंगात मात्र काकांचंच नाव शिवलेला शर्ट, तोही ओलाकच्च.

"काका कुठंयत?" केळी विकायला निघालेल्या बुनसीने विचारलं.

"सुट्टीवर, मावशी. आता मीच."

होडी नदीच्या मध्यावर आली. समोर देवळी दिसली, तरी त्याचा हात हलेना.

"ठोक की रे. रीत आहे आमची."

तेवढ्यात होडीच्या तळाला खालून तीन ठोके पडले. अंगठीचेच.

बुनसीने पाय वर घेतले.

त्याने फळीवर टाच आपटली आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "काका, सुट्टीवर आहात ना?"