इकडची की तिकडची

“इकडची नाय तर तिकडची. माणूस दोन्हीकडं नसतो, मलकावैनी,” रहमीमकाका म्हणाले. “नीट आठवून सांगा.”

“आठवायचं काय त्यात? बाप्तिस्मा घेतलाय मी. कर्जतला, पाद्रीबाबांकडं.”

दाऊद आणि शलोम, दोघे मुलगे, आईकडे बघतच राहिले. खालापुरातला तेलाचा घाणा विकला होता. घरही विकलं होतं, फक्त किल्ली द्यायची राहिली होती. ज्यूंचा नवा देश होऊन वर्ष उलटलं होतं आणि सगळं कुटुंब तिकडे निघालं होतं. रहमीमकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले वडीलधारे. ही आमचीच माणसं, असा शब्द ते मुंबईत जाऊन देणार होते. त्या शब्दावर तिकडे जायला जागा मिळायची होती.

मी नाय येत, असं मलकाबाईंनी कितीदा सांगून पाहिलं होतं. “तुला एकटी टाकून जाऊ व्हय? तू नाय तर आमी पण नाय,” मुलगे म्हणायचे. एकदा तर शलोमनं बांधलेलं सामान सोडायला घेतलं. सुना रडल्या, नातवंडं भेदरली. तेव्हापासून मलकाबाई गप्प झाल्या होत्या. घरभर गाठोडी. बसायचं तर त्यांच्यामधल्या फटीत.

त्यांची लेक हन्ना कर्जतला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या ख्रिस्ती मास्तराशी तिनं लग्न केलं आणि बाप्तिस्मा घेतला. “येशूची झाले म्हणून मी इस्राएलची नाय राहिले का रं?” तिनं दाऊदला विचारलं होतं. त्यानं दार लावून घेतलं. पुढं मास्तर तापानं गेला, हन्ना एकटी पडली, तरी ते दार उघडलं नाही. निघायची तयारी सुरू झाली तेव्हा तिचं नावही कुणी काढलं नाही.

“खरं सांग, आये,” दाऊद म्हणाला. “हन्नानं भरीला घातलं ना तुला?”

“नाय. माझं मी केलं.”

रहमीमकाका उठले. “मग मला तुमच्यापुरता शब्द देता येणार नाय, वैनी.”

निघायच्या दिवशी दाऊद आईकडे न बघताच गाडीत बसला. शलोमनं तिचे हात हातात घेऊन चुंबले. गाडी वळणाआड गेल्यावर मलकाबाईंनी घर झाडलं, किल्ली शेजारी दिली आणि कर्जतची वाट धरली.

रविवारी सकाळी हन्ना पांढरं पातळ नेसून दारात उभी राहिली. आईच्या बाप्तिस्म्याची बातमी खालापुराहून तिच्या कानावर आली होती; कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“आये, चल ना गं. घंटा झाली. पाद्रीबाबा पण मला बोलले नाहीत, तू कधी बाप्तिस्मा घेतलास ते.”

मलकाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तू जाऊन ये, बाय. मी कुठं ख्रिस्ती हाय?”